फिट्स प्रतिमेतले रिकामे पिक्सेल: शून्य भरायचं का?

प्रश्न: "सर, मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी एम ६७ या तारकागुच्छाच्या प्रतिमा घेतल्यात. काही फिट्स (खगोलीय प्रतिमा साठवायच्या प्रकारातल्या) फाइल्स १६ बिटी पूर्णांकी आहेत, एका जुन्या स्क्रिप्टमधून बाहेर पडलेल्या. काही अर्काइव्हमधून उतरवलेल्या, ३२ बिटी फ्लोट, म्हणजे दशांशी आकड्यांच्या. पहिल्या प्रकारात मधेमधे उणे ३२,७६८ असा आकडा दिसतो, दुसऱ्या प्रकारात नॅन ('आकडा नव्हे' अशी खूण). वर्गातला मित्र म्हणाला, सगळीकडे शून्य भरून टाक. भरलं तर सरासरी बिघडते. नॅन तसेच ठेवले तर स्मूदिंगनंतर (शेजारच्या पिक्सेलांत मिसळून प्रतिमा मऊ केल्यावर) अख्खी प्रतिमा डीएस९ या प्रतिमा बघायच्या प्रोग्राममध्ये पांढरीफटक होते. मग करायचं काय?"

उत्तर:

शून्य भरू नकोस. भरलं असशील तर मूळ फाइल्स शोधून ठेव, त्या लागणार आहेत.

शून्य हे मोजमाप आहे. "या पिक्सेलवर प्रकाश मोजला आणि तो शून्य निघाला" असं ते सांगतं. तुझ्या रिकाम्या पिक्सेलवर काहीच मोजलं गेलेलं नाही, किंवा जे मोजलं त्यावर विश्वास ठेवता येत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर एखाद्या वेळचं पंचगंगेचं वाचन घेता आलं नाही, तर तिथे कोणी 'शून्य फूट' लिहीत नाही. रकाना मोकळा ठेवतात. ३९ फुटांची इशारा पातळी किंवा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की नाही हे ज्या नोंदवहीवरून ठरतं, तिच्यात खोटं शून्य घुसलं तर काय होईल हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. प्रतिमेची फाइल हीसुद्धा नोंदवहीच आहे.

आकड्यांत बघ. एकाच भागाच्या १० प्रतिमा आहेत, आकाशाची पार्श्वभूमी साधारण ४०० काउंट (कॅमेऱ्याचा प्रकाशमोजणीचा आकडा) आहे, आणि एका प्रतिमेत एक पिक्सेल रिकामा आहे. तिथे शून्य भरून सरासरी काढलीस तर ३६० येते, म्हणजे १० टक्के कमी. उणे ३२,७६८ तसंच राहिलं तर सरासरी उणे २,९१७ च्या आसपास. दुसरी चूक डोळ्यांना लगेच खुपते, म्हणून ती सापडते. ३६० कोणालाच खुपत नाही आणि थेट प्रबंधात जाऊन बसतं. शून्याची मला जास्त काळजी वाटते ती याचसाठी.

गोंगाटावर तर परिणाम त्याहून वाईट. ४०० काउंटांच्या आकाशात, गेन १ धरला (म्हणजे एका काउंटला एक इलेक्ट्रॉन), तर प्रमाण विचलन सुमारे २० येतं. त्यात ५ टक्के पिक्सेल शून्य भरलेले असले की तेच विचलन ९० च्या घरात जातं. तारे शोधताना तू तीन सिग्माची, म्हणजे विचलनाच्या तिप्पट, मर्यादा लावणार. ती ६० काउंटांवर असायची ती २६५ च्या पुढे जाते आणि गुच्छातले मंद तारे यादीतून गायब होतात. मग आपण दुर्बिणीला, ढगांना, रस्त्यावरच्या दिव्यांना दोष देत बसतो.

आता उणे ३२,७६८ कुठून आलं ते. फिट्सची मांडणी १९८१ च्या शोधनिबंधांतली आणि सुरुवातीला प्रतिमा फक्त पूर्णांकांत ठेवता येत. पूर्णांकात 'काहीच नाही' असं लिहायला जागा नसते, म्हणून एक आकडा राखून ठेवायचा आणि तो कोणता हे हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) 'ब्लँक' या कीवर्डने सांगायचं, असा करार झाला. १६ बिटी चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा उणे ३२,७६८ ते ३२,७६७. त्यातलं सगळ्यात खालचं टोक राखून ठेवायची पद्धत पडली. पुढे फ्लोट प्रतिमा आल्या. त्यांत आयईईई मानकातला नॅन हा 'आकडा नव्हे' असं सांगणारा खास बिटसमूह आधीच आहे, त्यामुळे तिथे ब्लँक लागत नाही. मानकानुसार फ्लोट फाइलमध्ये तो लिहायचाच नसतो. तुझ्या दोन प्रकारच्या फाइल्स एकच गोष्ट दोन काळांच्या पद्धतीने सांगतायत.

तुझ्या प्रश्नातच एक धागा दडलाय. ब्लँक कीवर्ड नीट लिहिलेली साधी पूर्णांकी फाइल ॲस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीत उघडली की ते आपण होऊन तिचा फ्लोट करतं आणि त्या जागी नॅन ठेवतं. तुला उणे ३२,७६८ हा आकडाच दिसतोय. म्हणजे त्या स्क्रिप्टने पिक्सेलमध्ये खूण भरली पण हेडरमध्ये कीवर्ड लिहिलाच नाही, असं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हेडर उघडून बिटपिक्स (आकड्यांचा प्रकार), बीझिरो, बीस्केल आणि ब्लँक या चार ओळी आधी वाच. त्या वाचल्याशिवाय पिक्सेलना हात लावायचा नाही.

बीझिरोवर थोडा जास्त वेळ घालव, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. फाइलमध्ये साठवलेला आकडा आणि खरा आकडा हे दोन वेगळे असतात: साठवलेल्याला बीस्केलने गुणायचं आणि बीझिरो मिळवायचा, की खरा आकडा मिळतो. सीसीडी कॅमेरे ० ते ६५,५३५ असे काउंट देतात, पण फिट्समध्ये १६ बिटी चिन्हरहित पूर्णांक हा प्रकारच नाही. म्हणून बीझिरो ३२,७६८ ठेवून सगळे आकडे खाली सरकवून साठवतात. ब्लँकची तुलना मात्र साठवलेल्या आकड्याशी होते, गुणाकार-बेरजेच्या आधी. अशा फाइलमध्ये ब्लँक उणे ३२,७६८ असेल, तर त्याचा अर्थ 'खरा काउंट ० म्हणजे रिकामा'. आणि कोणी 'शून्य म्हणजे रिकामं' असं मनात धरून ब्लँकसमोर ० लिहिलं, तर खरा काउंट नेमका ३२,७६८ असलेले पिक्सेल रिकामे ठरतात, म्हणजे उजळ ताऱ्यांच्या अंगावरचे चांगले पिक्सेल. खरे रिकामे मात्र तसेच राहतात.

दुसरं, अशा चिन्हरहित फाइल्स ॲस्ट्रोपाय पूर्णांकातच हातात देतं. उघडल्यावर डीटाइप (आकड्यांचा प्रकार) छापून बघ. युइंट १६ (१६ बिटी चिन्हरहित पूर्णांक) असेल तर त्या ॲरेत (आकड्यांच्या जाळीत) नॅन असणं शक्यच नाही, म्हणजे ब्लँक अजून लागू झालेला नाही. तेव्हा 'डू नॉट स्केल इमेज डेटा' हा पर्याय देऊन फाइल पुन्हा उघड, साठवलेले आकडे ब्लँकशी ताडून मास्क (वाईट पिक्सेलांचा नकाशा) तयार कर, आणि मगच खऱ्या आकड्यांकडे वळ. सीफिट्सआयओ वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना: वाचताना रिकाम्या जागी भरायचा आकडा म्हणून शून्य दिलं तर ती लायब्ररी रिकामे पिक्सेल तपासतच नाही. ते शून्य म्हणजे 'तपासू नकोस' असा निरोप असतो.

त्यामुळे कामाचा क्रम असा: फाइल वाचली की पहिल्यांदा मास्क बनवायचा, बायस-डार्क-फ्लॅट (कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढायच्या दुरुस्त्या) त्यानंतर. उणे ३२,७६८ मधून डार्क वजा झाला आणि फ्लॅटने भागलं की प्रत्येक रिकाम्या पिक्सेलचा आकडा वेगवेगळा होतो. मग 'बरोबर उणे ३२,७६८' शोधून काही हाती लागत नाही. मास्क झाल्यावर ॲरे फ्लोटमध्ये बदल, मास्कच्या जागी नॅन ठेव आणि पुढे चल. फ्लोटमध्ये बदलणं हे चिन्हरहित पूर्णांकांसाठी आणखी एका कारणाने गरजेचं आहे: १०० मधून १०५ वजा केले तर युइंट १६ मध्ये उणे ५ येत नाही, ६५,५३१ येतं. असा पिक्सेल बघून लोक कॅमेऱ्याच्या हॉट (प्रकाश नसतानाही उजळ दिसणाऱ्या) पिक्सेलचा शोध घेत बसतात.

फ्लॅटमध्ये कुठे शून्य असेल तर भागाकारातून अनंत येतो, नॅन नव्हे. नुसतं 'इजनॅन' विचारून तो सापडत नाही. 'इजफायनाइट' विचारायची सवय लाव, दोन्ही एकदम धरले जातात.

मास्क फक्त हो-नाही असा ठेवू नकोस. पिक्सेल का वाईट आहे हेही त्यात राहू दे. हबल आणि जेम्स वेब या दोन्ही दुर्बिणींच्या फाइल्समध्ये प्रतिमेसोबत 'डीक्यू' नावाचं वेगळं एक्स्टेन्शन असतं आणि त्यातला प्रत्येक बिट एकेक कारण सांगतो. वेबच्या मांडणीत १ म्हणजे वापरू नये, २ म्हणजे संपृक्त (मोजणीच्या कमाल मर्यादेला टेकलेला), ४ म्हणजे मोजणीदरम्यान आढळलेली उडी, बहुधा वैश्विक किरणाची. आकडा ६ दिसला तर २ आणि ४ दोन्ही. तूही तुझ्यापुरती अशीच साधी संकेतमाला ठरव: मेलेला स्तंभ, हॉट पिक्सेल, वैश्विक किरण, संपृक्त, चौकटीबाहेर. आणि ती हेडरमध्ये लिहून ठेव. सहा महिन्यांनी तुलाच ती लागेल.

संपृक्त पिक्सेल वेगळा ठेवायला मी आवर्जून सांगतो. ६५,५३५ वर अडकलेला पिक्सेल रिकामा नाही. 'प्रकाश निदान इतका तरी आहे' एवढं तो खात्रीने सांगतो. मोजणीतून तो वगळायचा हे खरं, पण त्याची जागा आकाशाच्या सरासरीने बुजवली तर एम ६७ मधल्या सगळ्यात उजळ ताऱ्यांच्या मधोमध खड्डे पडतील.

काही रिकाम्या जागा तर फाइल सांगतच नाही, त्या आपल्याला माहीत असाव्या लागतात. कोल्हापूर-पन्हाळ्याहून ऑल-स्काय इमेजरने वातावरणातल्या एअरग्लोचा (वरच्या हवेच्या मंद स्वप्रकाशाचा) अभ्यास झालेला आहे. अशा कॅमेऱ्याला माशाच्या डोळ्यासारखं भिंग असतं. आकाश वर्तुळात पडतं आणि चिप चौकोनी असते. वर्तुळ चारही बाजूंना टेकेल असं बसवलं तरी चौकोनाचा २१.५ टक्के भाग कोपऱ्यांत जातो. तिथे आकाश नाहीच, पण फाइलमध्ये तिथे नॅन किंवा ब्लँक नसतो. बायसचे साधेसुधे, सभ्य दिसणारे आकडे असतात. हेडर कितीही वाचलं तरी कळणार नाही. भिंगाचं केंद्र आणि त्रिज्या काढून मास्क स्वतः आखावा लागतो. तुझ्या दुर्बिणीत फिल्टर चिपला पुरेसा नसेल तर कोपऱ्यांत हेच होतं, तेव्हा एकदा फ्लॅट नीट बघून घे.

आता स्मूदिंगचा प्रश्न. अख्खी प्रतिमा पांढरी झाली यावरून तू एफएफटीवर (वेगवान फूरिए रूपांतरावर) आधारलेलं कन्व्होल्यूशन (स्मूदिंगची क्रिया) वापरलंस असं दिसतं. फूरिए रूपांतरात प्रत्येक उत्तरात प्रत्येक पिक्सेल मिसळलेला असतो. नॅनमध्ये काहीही मिळवलं की नॅनच येतं, त्यामुळे एका पिक्सेलने सगळी प्रतिमा जाते. डीएस९ नॅन पांढरा दाखवतो, म्हणून पांढरीफटक. स्प्लाइन वापरून प्रतिमा सरकवताना किंवा फिरवतानाही असाच प्रसार होतो.

यावरचा उपाय सोपा आहे. दोन ॲरे घे. एक प्रतिमा, रिकाम्या जागी शून्य भरलेली. दुसरा वजनाचा, चांगल्या जागी १ आणि रिकाम्या जागी ०. दोन्हींवर तोच कर्नल (स्मूदिंगच्या वजनांचा छोटा तक्ता) फिरव आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भाग. रिकाम्या पिक्सेलने बेरजेत काही दिलं नाही आणि भाजकातही त्याचा हिस्सा धरला गेला नाही. इथे शून्य चालतं, कारण 'हे शून्य मोजमाप नव्हे' ही नोंद वजनाच्या ॲरेत शेजारीच आहे. शून्याला माझा विरोध आहे तो ही नोंद नसते तेव्हा.

ॲस्ट्रोपायची कन्व्हॉल्व्ह आणि कन्व्हॉल्व्ह-एफएफटी ही फंक्शन्स हेच काम करतात, सांगावं न लागता. पण सांगावं न लागता ती आणखीही एक गोष्ट करतात: नॅनच्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेला आकडा उत्तरात ठेवतात, आणि भोक कुठे होतं हे त्या प्रतिमेत दिसेनासं होतं. भोकं राखायची असतील तर 'प्रिझर्व्ह नॅन' हा पर्याय चालू कर.

फोटोमेट्रीत (ताऱ्याचा प्रकाश मोजण्यात) सगळ्यात फसवं फंक्शन म्हणजे नॅनसम. नाव ऐकून वाटतं, हे नॅनची काळजी घेतं. ते नॅन सोडून बाकीच्यांची बेरीज करतं, म्हणजेच तिथे शून्य धरतं. सगळेच पिक्सेल नॅन असले तरी उत्तर म्हणून ० देतं. नॅनमीन आणि नॅनमीडियनचं तसं नाही, कारण त्यांत भाजकही बदलतो. ॲपर्चर फोटोमेट्रीला (ताऱ्याभोवती वर्तुळ आखून आतल्या पिक्सेलांची बेरीज) मास्क दिला तरी प्रश्न सुटत नाही: मास्क केलेले पिक्सेल बेरजेतून वगळले जातात आणि ताऱ्याचा तेवढा प्रकाश हरवतो. ताऱ्याची प्रतिमा अर्ध्या उंचीवर ३ पिक्सेल रुंद असेल, तर मधल्या एका पिक्सेलमध्येच त्याचा सुमारे १० टक्के प्रकाश असतो. तो गेला की तारा ०.११ प्रतीने (मॅग्निट्यूडने) मंद दिसतो. शून्य भरलेलं असेल तर आणखी वाईट, कारण पार्श्वभूमीचे ४०० वजा होऊन तिथे उणे ४०० उरतं. रंग-प्रत आलेखावर एम ६७ चा मुख्य क्रम (बहुतेक ताऱ्यांची रांग) बारीक आणि रेखीव दिसतो, आणि समान जोडताऱ्यांचा पट्टा त्याच्या ०.७५ प्रत वर असतो. इतक्या बारकाव्याच्या आलेखात अशा चुका पसरल्या तर तू त्यांना निसर्ग समजशील.

म्हणून ॲपर्चरच्या आत रिकामा पिक्सेल आला की दोनच मार्ग मला पटतात: तो तारा त्या प्रतिमेतून सोडून द्यायचा, किंवा पीएसएफ (प्रतिमेत एका ताऱ्याचा ठिपका कसा पसरतो तो आकार) जुळवून मोजायचं. पीएसएफ जुळवताना रिकाम्या पिक्सेलला वजन शून्य देता येतं आणि ताऱ्याचा आकार माहीत असल्याने बाकीच्या पिक्सेलवरून एकूण प्रकाश निघतो. भोवतालच्या वलयातून आकाशाची पातळी काढताना मात्र मास्क पुरतो, तिथे चार-दोन पिक्सेल कमी झाल्याने बिघडत नाही.

स्टॅक करताना (अनेक प्रतिमा एकत्र करताना) बेरीज न करता सरासरी किंवा मध्यक घे, आणि शेजारी 'या पिक्सेलला किती प्रतिमा मिळाल्या' हे मोजणारा नकाशा ठेव. १० पैकी ३ च प्रतिमा वापरता आल्या असतील, तर त्या जागी गोंगाट बाकीच्यांच्या १.८ पट असतो. हा नकाशा नसला की काठावरचे गोंगाटाचे कण तारे म्हणून यादीत येतात. नमपाय या पायथन लायब्ररीचा साधा मीडियन मास्क केलेल्या ॲरेचा मास्क बघत नाही, त्यासाठी त्याच लायब्ररीतला 'एमए' विभागातला मीडियन घ्यावा लागतो. मास्कची दिशाही तपास: नमपाय आणि फोटयुटिल्स या लायब्रऱ्यांत 'ट्रू' म्हणजे वाईट, तर रिप्रोजेक्ट या लायब्ररीच्या फुटप्रिंटमध्ये (कुठे आकडे आहेत तो नकाशा) १ म्हणजे चांगला. उलटा मास्क लागला तर नेमके खराब पिक्सेलच उरतात.

या सगळ्याहून चांगला उपाय आकाशाखाली आहे. प्रत्येक एक्स्पोजरनंतर दुर्बीण दहा-पंधरा पिक्सेलने हलव, दर वेळी वेगळ्या दिशेने. मेलेला स्तंभ चिपवर तिथेच राहतो, पण आकाशातली त्याची जागा बदलते, आणि एका प्रतिमेत न मोजलेला भाग दुसरीत मोजला जातो. भोक बुजवण्यापेक्षा मोजणं केव्हाही बरं. एम ६७ कर्क राशीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळीच तो चांगला वर आलेला असतो आणि आपल्याकडे आकाशही तेव्हा बरं असतं. वेळ मिळाला तर त्या महिन्यांत पुन्हा प्रतिमा घे आणि या वेळी दुर्बीण हलवत घे.

शेजाऱ्यांवरून आकडा काढून भोक बुजवणं मी दोनच वेळा करतो: भिंतीवर लावायचं किंवा सादरीकरणात दाखवायचं चित्र असेल तेव्हा, आणि एखादा प्रोग्राम नॅन किंवा मास्क घेतच नसेल तेव्हा. आयरॅफ या खगोल-सॉफ्टवेअरमधल्या जुन्या टास्कना नॅन समजत नाही, तिथे इलाज नसतो. बुजवलेली प्रतिमा वेगळ्या नावाने ठेवायची, मास्क सोबत ठेवायचा, आणि त्या पिक्सेलवरून पुन्हा काही मोजायचं नाही.

पूर्णांकात परत लिहायची वेळ आली तर नॅनचं थेट पूर्णांकात रूपांतर करू नकोस. त्याचं उत्तर काय यावं हे ठरलेलं नाही, यंत्रागणिक ते बदलू शकतं. आधी राखीव आकडा भर, मग रूपांतर कर, मग हेडरमध्ये ब्लँक लिही. उलट दिशेने, पूर्णांकी फाइल फ्लोटमध्ये लिहिताना हेडरमधून ब्लँक काढून टाक, नाहीतर ॲस्ट्रोपाय दर वेळी 'इनव्हॅलिड ब्लँक' अशी सूचना देत राहील.

राहिल्या तुझ्या शून्य भरलेल्या फाइल्स. मूळ सापडल्या नाहीत तरी अजून आशा आहे. आकाश ४०० आणि विचलन २० असताना खरा पिक्सेल नेमका ० येणं जवळजवळ अशक्य, तो वीस सिग्मा खाली आहे. म्हणजे त्या फाइलमधला प्रत्येक नेमका शून्य तू भरलेला. फ्लॅटने भागलं असलं तरी शून्य शून्यच राहतं, त्यामुळे तेव्हाही मास्क परत मिळवता येतो. डार्क वजा केला असेल तर त्या जागी उणे डार्कचा आकडा असेल. तोच डार्क परत मिळवून बघ. स्मूदिंग किंवा प्रतिमा सरकवणं झालं असेल तर मात्र ते शून्य शेजाऱ्यांत मिसळून गेलेलं असतं. त्या फाइल्स बाजूला ठेव आणि त्याआधीच्या पायरीपासून सुरू कर.